पलीकडच्या बाई

एका बाईंविषयी मी एकदा बंद दाराआड, हळू आवाजात, एक वाक्य बोललो. त्या वाक्यामुळे त्यांचा वर्ग गेला. ते वाक्य कोणाचे, हे त्यांना कळले नाही आणि मीही चार वर्षे कळू दिले नाही. पत्नीलासुद्धा नाही. पन्नाशी ओलांडल्यावर आपल्याला आपली पुरेशी ओळख पटली आहे, असे माणसाला वाटू लागते. माझी ती समजूत या एका वाक्यापाशी येऊन मोडते. बाईंविषयी लिहायचे तर आधी हे सांगणे भाग आहे, नाही तर पुढचे सारे कौतुक लबाडीचे ठरेल.

सौदी अरबस्तानातल्या खमीस मुशैतच्या आमच्या भारतीय शाळेत मुलांचा विभाग वेगळा आणि मुलींचा वेगळा. मध्ये भिंत. अलीकडे आम्ही शिक्षक, पलीकडे शिक्षिका. भिंतीत एक सरकती खिडकी होती, तिच्यातून प्रश्नपत्रिका आणि वह्या ये-जा करीत. बाकीचे बोलणे इंटरकॉमवर. अलीकडे इतिहास मी शिकवीत असे, पलीकडे बाई शिकवीत, आणि दोन्ही बाजूंचा विभागप्रमुख मी होतो. त्या हर्णैच्या, मी म्हसळ्याचा. साऱ्या शाळेला त्या ‘मॅम’ होत्या, मला मात्र ‘बाई’. बारा वर्षे मी त्यांना मुख्यतः आवाजावरून आणि अक्षरावरून ओळखले.

इंटरकॉम उचलला की त्या आधी स्पीकरचे बटण दाबीत. “सर, स्पीकर चालू आहे. बोला.” त्यांच्या प्रत्येक संभाषणाची सुरुवात हीच. आम्ही मराठीत बोलत असू, आणि तिकडच्या शिक्षिका केरळच्या, हैदराबादच्या, लखनौच्या. म्हणून फोन संपता संपता बाई त्यांना हिंदीत सांगत, “सर कह रहे हैं, पेपर संडे तक चाहिए.” एकदा मी वैतागून म्हणालो, “बाई, पेपरचीच तर गोष्ट आहे. त्याला स्पीकर कशाला आणि भाषांतर कशाला?”

“सर, बाईमाणसाचं बोलणं चौघींनी ऐकलेलं असलं, की मागाहून त्यात कुणाला मीठमसाला घालता येत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या, आणि लगेच खोलीकडे वळून, “सर पूछ रहे हैं, स्पीकर क्यों.” पलीकडे हशा पिकला. मीही हसलो. त्या उत्तरात किती वर्षांची सावधगिरी होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

अकरावीच्या इतिहासात रोमन साम्राज्याचा धडा आहे. मी तो सम्राटांच्या यादीने सुरू करीत असे: सीमा, सैन्य, कर, पडझड. बाई फळ्यावर आधी एक प्रश्न लिहीत, ‘या धड्यात बायका कुठे आहेत?’, आणि मुलींना पुस्तक उघडायला लावीत. त्यांची टिपणे विभागप्रमुखाच्या सहीसाठी खिडकीतून माझ्याकडे येत. रेघांच्या कागदावर निळ्या शाईतले, किंचित उजवीकडे झुकलेले अक्षर. रोममध्ये बायकांच्या थडग्यांवर त्या घरात राहिल्या, लोकर कातली, नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत अशी स्तुती कोरलेली असे. त्याखाली बाईंनी लिहिले होते, ‘ही स्तुती नवऱ्याने लिहवून घेतली आहे. बाईला विचारलेले नाही.’ मी समासात लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला. पुढच्या आठवड्याच्या टिपणाबरोबर चिठ्ठी आली: ‘सर, विषय कोणता, ते आधी ठरवू या का?’

रोमच्या जुन्या कथा त्या अशा सांगत की मुली तास संपल्यावरही जागेवरून उठत नसत. राजपुत्राने एका कुलीन स्त्रीची अब्रू घेतली, तिने स्वतःला संपवले, आणि लोकांनी राजेशाही उलथून टाकली. पुढे एका अधिकाऱ्याच्या तावडीतून वाचवायला बापाने भर बाजारात पोटच्या मुलीला सुरी खुपसली, आणि त्या अधिकाऱ्यांची सत्ता गेली. पुस्तकांतून या दोन्ही कथा स्वातंत्र्याच्या कथा म्हणून येतात. बाईंच्या टिपणात मात्र एवढेच होते: ‘रोमला दर वेळी मोकळे व्हायला एक मेलेली बाई लागली. जिवंत राहून जिने राज्य सांभाळले, तिच्यावर विष घातल्याचा आळ आला.’ ते वाक्य वाचून मी कागद उलटा ठेवला. ते मला सुचायला हवे होते, असे मला वाटले. एवढी वर्षे तोच धडा मीही शिकवीत होतो.

त्यांचा आवडता भाग निराळाच होता. युद्धाच्या काळात रोमने कायदा केला होता: बायकांनी जास्त सोने बाळगू नये, रंगीत वस्त्र नेसू नये, शहरात गाडीतून फिरू नये. युद्ध संपले तरी कायदा राहिला. मग बायका रस्त्यावर उतरल्या, सभेला जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाची वाट अडवून उभ्या राहिल्या, आणि कायदा मागे घ्यायला लावूनच घरी गेल्या. त्यांच्या वर्गात ही हकीगत ऐकताना मुली खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्यांकडे पाहून हसत, असे माझी थोरली मुलगी सांगे. पुढे या देशात बायकांना गाडी चालवण्याचा परवाना मिळू लागला, तेव्हा आमच्या शाळेतून पहिले नाव बाईंनी घातले. पहिल्याच चाचणीत त्या पास झाल्या. माझ्या वेळी मी दोनदा नापास झालो होतो, आणि ही गोष्ट त्यांना कुठून कळली, अल्ला जाणे.

एका शुक्रवारी आम्हा कोकणी कुटुंबांची सहल होती. जिझान बंदराचा मासा आणि घरोघरची सांदणे घेऊन आम्ही डोंगरावर बसलो होतो. बाई धुक्यातून स्वतः गाडी हाकत आल्या, शेजारी त्यांचे यजमान ओठांत दुआ पुटपुटत. कोणीतरी म्हणाले, “आता तुमचा रोमचा धडा पुरा झाला म्हणायचा, बाई.” 

“कुठला पुरा? त्या बिचाऱ्यांना गाडीत मागे बसायचीच परवानगी हवी होती. मी पुढे बसले,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “सर, परतीला तुम्हाला सोडू का? दोन्ही वेळा आरशात बघायचं विसरला होतात, असं ऐकलं.” सगळे हसले. माझी पत्नी सर्वांत मोठ्याने. मीही हसलो, आणि परतीच्या वाटेवर दर वळणाला आरशात बघत राहिलो.

मत्सर हा शब्द मी त्या काळात स्वतःशीसुद्धा उच्चारला नाही. मी त्याला शिस्त म्हणत असे, अभ्यासक्रमाची मर्यादा म्हणत असे. पण माझ्याच वर्गातल्या तिघांच्या पुस्तकांत मला त्या उजवीकडे झुकलेल्या अक्षराच्या झेरॉक्स प्रती सापडल्या. बहिणींकडून आणल्या होत्या. रोमवरच्या माझ्या छापील टिपणांवर त्यांनी बूट पुसले असते, तरी मला इतके लागले नसते. 

आणि मग घरात जेवणाच्या वेळी माझी थोरली मुलगी, जी त्या वर्षी बाईंच्याच वर्गात होती, म्हणाली, “पप्पा, उस एम्परर ने मॉरॅलिटी के कानून बनाए, फिर उसी कानून से अपनी बेटी को आयलंड पे भेज दिया. आपके नोट्स में तो ये है ही नहीं.”

“परीक्षेत येत नाही ते,” मी म्हणालो.

“मॅम कहती हैं, जो एक्झाम में नहीं आता वो किसी ने निकाला होता है.” तिने पोळीचा तुकडा मोडला. “आप तारीखें बताते हो. मॅम बताती हैं घर में क्या चल रहा था.”

सतरा वर्षे ती मुलगी प्रत्येक प्रश्न घेऊन माझ्याकडे आली होती. त्या दिवशी तिने मला प्रश्न विचारला नाही, उत्तर सांगितले. 

त्याच आठवड्यात मी बाईंच्या एका टिपणावर सही केली. त्यात एक ओळ होती: ‘बाईच्या हातून सत्ता काढून घ्यायला तिचा हात धरावा लागत नाही, तिच्या नीतीविषयी कोणी शंका घेतली की पुरते.’ ओळ वाचली, सही केली, आणि दोन दिवसांनी मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो. दार लोटून घेतले. म्हणालो, “मॅम शिकवतात उत्तम, त्यात वाद नाही. पण सम्राटांच्या घरातली प्रकरणं, राण्यांची चालचलणूक, हे सगळं वयात आलेल्या मुलींपुढे... काही पालकांच्या मनात शंका आहे, असं कानावर आलंय.”

प्राचार्य सज्जन होते आणि भित्रे होते. “किती पालक?” त्यांनी विचारले.

“मोजकेच.”

एकही पालक नव्हता. फार तर एक होता, आणि तो मी. ‘अखेर मीही एक पालकच आहे,’ या आधारावर मी ते वाक्य पुढे कित्येक महिने स्वतःला खरे म्हणून पटवीत राहिलो. चौकशी झाली नाही. शंका पुरली. पुढच्या सत्रात अकरावी एका नव्या शिक्षिकेकडे गेली आणि बाईंना सहावी-सातवी मिळाली.

त्यांचा फोन आला. “सर, स्पीकर चालू आहे. ते पालक कोण, कळेल का? मला भेटायचंय त्यांना. भांडायला नाही. काय खुपलं ते विचारीन, समजावून सांगीन.”

“नावं सांगता येणार नाहीत, बाई. नियम आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी भाषांतर केले नाही.

नंतरची चार वर्षे बाईंनी सहावीला असा इतिहास शिकवला की त्या मुली वरच्या वर्गांत गेल्या की तिथल्या शिक्षिकांना पेचात टाकीत. ते मला चालले. न चालणारी गोष्ट वेगळी होती. धाकटी मुलगी त्याच शाळेत होती; तिच्या पालकसभेहून पत्नी आली की सांगे, “बाई आजही एकेका आईला बाजूला घेऊन विचारत होत्या, माझ्या शिकवण्यात काही खुपलं का म्हणून. मलाही विचारलं. कोण असेल हो ती मेली?” मी वर्तमानपत्र चाळीत असे. बाईंना दर सभेत साऱ्या चेहऱ्यांवर संशय घ्यावा लागत होता, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा, तो भिंतीच्या अलीकडे सुरक्षित होता. थोरली पुढे शिकायला पुण्याला गेली. इतिहासाविषयी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तिला काही ठाऊक होते असे नाही; तिला बोलावेसे वाटले नाही, इतकेच.

यंदा बाईंच्या यजमानांची नोकरी संपली. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द झाला; कायमचा देश सोडण्याचा, फायनल एक्झिटचा शिक्का पडला. शेवटच्या पालकसभेहून पत्नी परतली ती डोळे पुसत. “जाता जाता काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, त्या पालकाच्या मनाला माझ्यामुळे त्रास झाला असेल, तर जाण्याआधी माफी मागायची होती. नाव कळलं असतं तर.”

निरोपसमारंभ गुरुवारी पलीकडे झाला. आम्हा पुरुषांसाठी केकचे तुकडे खिडकीतून आले, कागदी बशीत, आणि त्यासोबत रोमच्या टिपणांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. वरच्या कागदाच्या समासात माझा लाल ‘विषयांतर’ होता. मी केक तसाच ठेवला आणि इंटरकॉम उचलला.

“सर, स्पीकर चालू आहे. बोला.”

“चालूच असू द्या, बाई. तुम्ही चार वर्षं ज्या पालकाला शोधताय, तो मी. दुसरं कुणी नव्हतंच. तुमच्या शिकवण्यात खुपण्यासारखं काही नव्हतं. मला तुमचा हेवा वाटत होता.”

 पलीकडून कोणा शिक्षिकेचा आवाज आला, “क्या कह रहे हैं सर?”  बाई भाषांतर न करता हलक्या आवाजात मला म्हणाल्या, “राहू द्या, सर. यांना कळलेलं नाहीये.”

जाता जाताही त्या मला झाकायला तयार होत्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अलीकडचे सहकारी केक खाता खाता थांबून माझ्याकडे पाहू लागले.

“म्हणूनच, बाई. आजचं भाषांतर मी करतो,” मी म्हणालो, आणि दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, “मॅडम लोग, आप सब सुन लीजिए. चार साल पहले मॅम की क्लास किसी पेरेंट की शिकायत से नहीं गई थी. मैंने झूठ बोला था, जलन में. मॅम की कोई गलती नहीं थी. मैं आप सबके सामने उनसे माफी माँगता हूँ.”