चढावर मागे पडणारा सेल

मांडवीच्या जेट्टीवर मी संध्याकाळी फिरायला जातो, तिथे एक गृहस्थ नेहमी दिसतात. आखातातली नोकरी संपवून परत आलेले. पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीत बसून, स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं यंत्र खोचून ते मोबाईलवर बॅटरीची तब्येत बघत असतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्यांनी मला बोलावून स्क्रीन दाखवली. बॅटरीतल्या सगळ्या सेलचे पट्टे सारख्या उंचीचे होते, एकच बुटका.

"हा बघा. चढ आला की मागं पडतो," ते अगदी हळू म्हणाले, जणू त्या सेलला ऐकू जाईल.

मागच्या सीटवरून त्यांची बायको म्हणाली, "परवा मला ताप होता, तेव्हा एवढं बघितलंत काय?"

"तू बोलतेस तरी. तो बिचारा बोलत नाय."

त्या दिवशी दोघांना नाटे गावी तिच्या भाचीच्या लग्नाला जायचं होतं आणि गृहस्थ सेलला विश्रांती द्यायची म्हणून अडून बसले होते. बाई उतरल्या, रिक्षा थांबवली आणि एसटी स्टँडकडे निघाल्या. गृहस्थांनी एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा रिक्षाकडे. मग मोबाईल सीटवर टाकून गाडी अशी पिटाळली की चढावरच रिक्षा गाठली.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा जेट्टीवर दिसले. बाई आता पुढे बसल्या होत्या आणि मोबाईल त्यांच्या हातात होता. काळजी हीसुद्धा घरात एकाची दुसऱ्याला लागते, असं मला वाटलं. मी हसून विचारलं, "कसा आहे तो सेल?"

बाईंनी स्क्रीन बघितली. त्या नवऱ्यावर खेकसल्या, "अहो, तो एसी बंद करा आधी! दमलाय तो!"