डब्यातली उष्टी जागा

देऊळघाटात मी आणि माझा मामेभाऊ शेतातली मोटर ठरल्या वेळी चालू-बंद करणारा डबा बनवत होतो. त्यातला प्रोग्रामही आमचाच. प्रोग्रामला माहिती ठेवायला मेमरीत जागा मागावी लागते, आणि नवी म्हणून मिळालेली जागा नवी नसते, आधीच्या कामाचं उष्टं तिच्यात पडलेलं असतं. ताट धुऊन घ्यावं तशी ती आधी पुसून घ्यायची. मामेभावाने तो भाग लिहिताना पुसलं नाही. मी डोकेफोड करून सांगितलं, तर म्हणाला, "काऊन भेव दाखवून राह्यला बे? इतक्या वेळा चालवून पाह्यला, जागा कोरीच भेटते."

कोरी भेटणारच! आमच्याकडे लाइट घडीघडी जाते. डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला की मेमरी कोरी. लोडशेडिंगने आम्हाला प्रत्येक तपासणीत पास करून टाकलं.

पहिला डबा दुसरबीडला ताईकडे बसवला. तिचं मिरचीच्या बियाण्याचं शेडनेट. एकेका फुलाला हाताने पराग लावायचा, देठाला दोरा बांधायचा. सगळा हंगाम ती त्यातच वाकलेली. लाइटबरोबर डबाही बंद पडतो म्हणून तिने त्याला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडली आणि निर्धास्तपणे भाऊबीजेला माझ्याकडे आली.

डबा पहिल्यांदाच न थांबता चालला. ठिबकच्या पाळीला जी जागा मिळाली तिच्यात शेततळं भरायची कित्येक तासांची जुनी वेळ तशीच पडलेली होती, आणि नवी वेळ भरण्याआधीच प्रोग्रामने ती वाचली. ताई मला ओवाळत होती तेव्हा तिकडे मोटर शेडनेटमध्ये पाणी ओततच होती. सणाची म्हणून लाइटही गेली नाही.

मुळं सडली, झाडांनी माना टाकल्या. मामेभावाचा मला भयंकर संताप आला. तो पुण्याला नोकरीला गेला. तिथे म्हणे नव्या पोरांना मेमरी कशी सांभाळायची ते शिकवतो.

मी प्रोग्राम पुन्हा लिहिला. आता जागा मिळाली की आधी पुसली जाते, आणि वेळ भरलेली नसेल तर मोटर सुरूच होत नाही. तो डबा घेऊन ताईकडे गेलो. ती मेलेली झाडं उपटत होती. देठांना दोरे तसेच होते.

"आता नाही होनार असं, ताई. बसवू का?"

तिने वर पाहिलं नाही.

"बसव ना. आता बुडायले राह्यलं काय?"