पेढ्याएवढं झाड

शेजारच्यांनी गॅलरी धुतली की ओल्या खडीचा वास येतो आणि मला माझं ते झाड आठवतं. झाड कसलं, हिमालयातल्या दगडांवर वाढणारी इवलीशी हिरवी उशी. बी फ्रिजमध्ये ठेवून रुजवलं, पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये उत्तरेच्या गॅलरीत दगड-खडी रचून त्यात लावलं. तीन वर्षांत जेमतेम पेढ्याएवढं झालं होतं. चाकणहून शिफ्ट संपवून आलो की बूट काढायच्या आधी मी ते बघायचो. त्या उन्हाळ्यात वडील बीडकडच्या आमच्या टँकरच्या गावातून राहायला आले. मी कंपनीत गेलो की ते स्वतःच्या तांब्यातलं पाणी रोज त्याच्यावर ओतायचे. आठवड्याभरात ते आतून कुजलं. बोट लावलं तर काळा लगदा. “कुणी सांगितलं होतं पाणी घालायला? मारलंत ना त्याला!” मी ओरडलो. ते गोंधळून म्हणाले, “पाण्यानं कुठं कोणी मरतंय का रे?” आज वडील नाहीत, आणि झाडाचं दुःख तर केव्हाच सरलं. पण मी ओरडलो त्यानंतरचे चार दिवस, तहान लागली की ते रिकामा तांब्या घेऊन माठाजवळ थांबायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, “घेऊ का?”