दोन पोती भाषणं

माईकच्या जाळीवर बोटाने तीनदा टकटक, मग कपाळावर आडवा हात धरून मैदानातल्या अगदी शेवटच्या माणसाकडे नजर, आणि मग तो प्रश्न : "हालो. आवाज येऊन राह्यला का मांगं?"

अकोल्यात ऐंशीच्या दशकात तुम्ही एक जरी जाहीर सभा ऐकली असेल, तर नेत्याच्या आधी हा आवाज ऐकला असणार. मागून कोणीतरी हात वर करून "येऊन राह्यला" म्हणेपर्यंत हा माणूस माईक सोडत नसे. मंत्री खुर्चीत चुळबुळ करोत, आयोजक डोळे वटारोत. "मांगच्याले आयकू नाही आलं तं सभा कायची?" एवढंच म्हणायचा. सगळे त्यांना माईकवाले भाऊ म्हणत. मीही तेच म्हणतो.

मी तेव्हा इथल्या एका दैनिकात बातमीदार होतो. आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली की कबूल करायला हरकत नाही, निम्म्या सभांना मी जातच नसे. जठारपेठेतल्या घरी आरामात बसायचो, आणि सकाळी सायकल काढून भाऊंकडे जायचो. भाऊ प्रत्येक भाषण टेप करत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. मी कॅसेट थेट भाषणापासून ऐकून बातमी लिहायचो आणि वर "मैदानावर उसळलेला जनसागर" ठोकून द्यायचो. भाऊ पेपर वाचून शांतपणे म्हणत, "पत्रकार, पंधरा सतरंज्या होत्या. त्यातल्या तीन मोकया होत्या."

ते काय दिवस होते, हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. कापसाच्या भावावर बोलणारा एक नेता यायचा, त्याच्या सभेला गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून यायची. एक बाई यायच्या, त्यांचं ऐकून आमच्या गल्लीतल्या बायका पहिल्यांदा मोर्चात गेल्या. एकाच्या बोलण्याची लकब आम्ही पोरं चहाच्या टपरीवर महिनोन्‌महिने मिरवत होतो. या माणसांनी सरकारं हलवली, आमची भाषा बदलली, लग्नं मोडली आणि जुळवलीसुद्धा. आम्ही त्यांना देव मानत होतो. भाऊ त्यांना माईकवरून ओळखत.

"थो कापूसवाला चांगला," ते म्हणत. "माईकपासून हातभर लांब उभा राह्यते, तरी पार मांगंवर जाते. त्या बाई आल्या का पयले सोताच माईक खाली घेतात, कोणाले सांगत नाहीत. अन् थो पानवाला आला का मी जाळीले रुमाल बांधतो." आणि माईकवर फुंकर मारणाऱ्या नेत्यांवर त्यांचा दात होता. "फुकणाऱ्याचा भरवसा नाही. त्याले मांगच्याची फिकीर नाही. माईक चालू हाय का, तेवढंच पाह्यते."

भाऊंचं घर गावाबाहेर, मूर्तिजापूरच्या रस्त्याला. मागे झेंडू आणि शेवंतीचा लहानसा मळा. तो वहिनींचा. फुलांचा धंदा त्यांच्या माहेरचा. हारही त्याच करत. सभेचा हार त्यांच्याकडून जायचा आणि भोंगे भाऊंकडून. "हार आमचा, आवाज आमचा, भाषण तेवढं त्याईचं," भाऊ हसून म्हणत. सभेला निघण्याआधी ते सगळा संच अंगणात मांडून वाजवून बघत. टेपही तिथेच सुरू करून पाहत, कारण ती बिघडलेली आहे हे मैदानावर कळून उपयोग काय? वहिनी तेव्हा मागे झेंडूत असायच्या. एवढ्या थोर माणसांच्या गळ्यात त्यांचे हार पडले, पण त्या एकाही सभेला गेल्या नाहीत. सकाळी फुलं तोडायची असत.

मग फ्लेक्स आले, डीजे आले. नेते काही गेले, काहींची मुलं आली. वहिनी वारल्या, मोबाईल घरोघरी यायच्या आधीच. भाऊंचा आणि माझा संबंध रस्त्यात भेटलो तर हात वर करण्यापुरता उरला.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते माझ्या दारात उभे. ऑटोतून दोन पोती उतरवलेली. मी "या भाऊ" म्हणालो, तर त्यांनी डावा कान पुढे केला.

"इकडून बोला. तो कान गेला. डॉक्टर म्हणते, हाबी जाईन. वरीसभर धकला तं धकला." आयुष्यभर भोंग्याखाली उभं राहिल्याची बक्षिसी.

पोत्यांत कॅसेटी होत्या. सगळं दशक. मला वाटलं, कुठे तरी द्यायच्या असतील, ओळख काढायला आले असतील. त्यांनी एका पोत्याचं तोंड सोडलं. मग खाली बघत म्हणाले, "पत्रकार, याच्यात माही घरवाली हाय."

गोष्ट अशी होती. एका वर्षी भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, दिवसांत अंगणात पोरीबाळी जमल्या, वहिनी मधे बसून गाणी म्हणत होत्या, आणि भाऊंनी गंमत म्हणून ते टेप केलं. कॅसेटीवर "भुलाबाई" लिहिलं. पुढे एकदा मूर्तिजापूरला एका बड्या नेत्याची सभा अचानक ठरली. कोरी कॅसेट घरात नाही, दुकान बंद. भाऊंनी तीच उचलली. तिच्यावर भाषण टेप केलं, वर नेत्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, आणि विसरले. चिठ्ठीखाली चिठ्ठी असलेल्या कॅसेटी ढीगभर होत्या. यातली नेमकी कोणती?

"गानं सबन गेलं नसन," ते म्हणाले. "भाषन संपलं का मी टेप बंद करो. म्हंजे शेवटाले काही तरी उरलंच असन. तेवढं आयकू द्या मले. हा कान हाय तवर."

"पण इतकी वर्षं का नाही शोधलं, भाऊ?"

"मले वाटे, आहेच ना घरात," ते म्हणाले. "कवाबी आयकू."

तेव्हापासून दुपारी आमचा तोच उद्योग. मी प्लेअर दुरुस्त करून आणला. बुरशी आलेल्या कॅसेटी पुसायच्या, सैल फिती पेन्सिलीने गुंडाळायच्या, आणि लावायच्या. सुरुवातीला भाऊंचा तोच "हालो" सुरू व्हायचा की ते लगेच हात हलवत. "ते काय आयकता? माहीच कटकट आहे. पुढं घ्या, पुढं घ्या." मग मी सर्रकन फीत पळवायचो, ज्यांच्यासाठी आम्ही उन्हात तासन्‌तास उभे राहिलो ती भाषणं किड्यांसारखी किरकिरत निघून जायची, आणि आम्ही शेवटाशी कान लावून बसायचो. टाळ्या. घोषणा. खुर्च्या उचलल्याचा आवाज. मग नुसती खरखर. भाऊ माझ्याकडे बघत, मी मान हलवायचो. ते पुढची कॅसेट काढत.

एकदा मी शहाणपणा केला आणि त्यांना अमरावतीला घेऊन गेलो. तिथे जुनी ध्वनिमुद्रणं जतन करणारी एक संस्था निघाली होती. तिथल्या साहेबांनी पोतं उघडलं आणि डोळे विस्फारले. "अहो, हा केवढा ठेवा आहे! अख्खं दशक आहे यात. आम्ही सगळं संगणकावर घेतो. फक्त पुढचा-मागचा अनावश्यक भाग कापून टाकू." भाऊंना ऐकू गेलं नाही, म्हणून मी ते कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, उठले, आणि स्वतः पोत्याचं तोंड बांधायला लागले. परतीच्या बसमध्ये एकदाच बोलले. "मांगचाच तं पाह्यजे ना मले."

पावसाळा गेला. डावा कान हळूहळू जात होता, तशी त्यांची घाई वाढली. आधी दुपारी येत, मग सकाळीच यायला लागले. जेवायला थांबत नसत. प्लेअरच्या जाळीला कान चिकटवून बसत आणि आवाज पूर्ण वाढवूनही "वाढवा" म्हणत. शेजारी तक्रार करायला लागले. जठारपेठेत दिवसाढवळ्या मेलेले पुढारी ओरडत होते. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, खरं सांगतो. त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नसे.

आणि एके दिवशी ती कॅसेट सापडली. वरची चिठ्ठी ओलीने सुटली, आणि खाली निळ्या शाईत "भुलाबाई". भाऊंनी ती माझ्याकडे सरकवली, मीच लावली. फीत शेवटाकडे नेली. तो बडा नेता बोलत होता. बोलतच होता. "दोन मिनिटांत संपवतो" म्हणाला, आणि त्यानंतरही बोलत राहिला. एका वाक्याच्या मध्यावर खट् करून फीत संपली. गाण्याला त्याने जागाच ठेवली नव्हती. दुसऱ्या बाजूलाही तोच.

भाऊंना एव्हाना काहीच ऐकू येईनासं झालं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "हाय का?"

मी मान डोलावली. हो.

"तिचाच?"

मी कागदावर लिहिलं : तिचाच. गाते आहे.

त्यांनी कागद वाचला, मग मला नीट न्याहाळलं. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "तुमी पेपरातबी असंच लिहत होते." चप्पल घालून निघून गेले. पोती माझ्याचकडे राहिली. त्यानंतर ते आले नाहीत. मीही गेलो नाही. लाज वाटत होती.

भाऊ वारले त्याला आता सहा महिने झाले. त्यांची मुलगी आली होती. म्हणाली, "काका, त्या कॅसेटी अमरावतीवाल्याले देऊन टाका. घरी कोनाले लागत नाहीत." मी फोन केला, त्यांनी एक तक्ता पाठवला. कॅसेटीचा क्रमांक, वक्ता, विषय, आणि एक रकाना : सुरुवातीला कापायचा भाग किती सेकंद.

तो भरायचा म्हणून मी पहिल्यांदाच एक कॅसेट अगदी सुरुवातीपासून लावली. हातात पेन, समोर घड्याळ.

तीनदा टकटक. "हालो. आवाज येऊन राह्यला का मांगं?"

ते मैदान नव्हतं. विहिरीवरची मोटर चालू होती, कोंबडा आरवला. ते भाऊंचं अंगण होतं. आणि लांबून, झेंडूच्या वाफ्यांतून, एक बाईचा आवाज आला. मोठा, खणखणीत, हसरा.

"येऊन राह्यला जी!"

मी तसाच उठलो आणि चप्पल शोधायला लागलो. त्यांना सांगायला निघालो होतो. दारापर्यंत गेल्यावर आठवलं.

मग मी दुसरी लावली, तिसरी लावली. दोन्ही पोती. एकीवर ती म्हणते, "हळू लावा, म्हैस बुजते." एकीवर म्हणते, "नाही येत, अजून वाढवा." एकीवर, "जा आता बाप्पा, लोकं वाट पाहून राह्यले तिथी." गाणं नाही कुठे. पण बहुतेक प्रत्येक कॅसेटीवर तो विचारतो आणि ती उत्तर देते. पहिल्या अर्ध्या मिनिटात. वर्षभर तो माणूस माझ्यासमोर बसून, एक कान शिल्लक असताना, मला हात हलवून सांगत होता, पुढं घ्या. आणि मी घेत होतो. मी ऐकणारा होतो, कान माझे शाबूत होते, आणि एकदाही दहा सेकंद थांबलो नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी त्या दिवशी पोत्यांमध्ये बसून पोरासारखा रडलो.

अमरावतीहून दोनदा फोन आला. तक्ता कोराच आहे. रोज सकाळी मी एक कॅसेट लावतो. टकटक होते. भाऊ विचारतात. मागून ती म्हणते, येऊन राह्यला. मग खट् होतं, हजारो माणसांचा गलका उठतो, आणि त्या काळातला कोणी तरी फार मोठा माणूस बोलायला सुरुवात करतो.

तिथे मी टेप बंद करतो.