ट्रलीच्या मेरीमातेचा झगा

स्नेहलता केशव बर्वे (जन्म सांगली, १९४६, मृत्यू सांगली, २०१९) यांनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे शिवणकाम शिकवले. वाकडी शिवण दिसली की त्या ती मुलीकडून पुन्हा उसवून घेत आणि अश्रूंची दखल घेत नसत. मात्र त्यांच्या हातची सर्वांत मोठी शिलाई आयर्लंडच्या केरी परगण्यातील ट्रली या गावी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी झाली. आणि तीही पावाच्या एका तुकड्यामुळे.

२० एप्रिल २०१७ रोजी त्या मुलाकडे राहायला आल्या. मुलगा गौरव आणि सून शुभदा दोघेही डॉक्टर. दोघे इस्पितळात गेले की बाईंना सोबत उरे ती शेजारच्या युसेबिया किस्पेची. युसेबिया मूळची पेरू देशातील, कुस्कोजवळच्या डोंगरी गावची. एका उपाहारगृहात स्वयंपाक करी. बाईंचे इंग्रजी शाळेतले, तिचे भटारखान्यातले. पण गाजरांचा भाव आणि गुडघ्यांचे दुखणे एवढ्या भांडवलावर दोघींची मैत्री झकास चालली.

जूनमधल्या एका रविवारी युसेबिया भरतकामाची शाल पांघरून दारात उभी राहिली. हातात फडक्यावर ठेवलेला गोल, गोडसर पाव. “मेरीमातेसाठी,” ती गंभीरपणे म्हणाली. बाईंनी तो उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला आणि तिच्यासमोरच एक तुकडा तोंडात टाकला. युसेबियाचे डोळे भरून आले. बाईंना घट्ट मिठी मारून ती निघून गेली.

संध्याकाळी शुभदा तिला अंगणात भेटून घरात आली ती डोक्याला हात लावूनच.

“आई, तुम्ही आज काय कबूल केलंत?”

“मी? मी पाव खाल्ला. प्रसादाला नाही म्हणतं का कुणी?”

“प्रसाद नव्हता हो तो! त्यांच्याकडे सणाची कामं अशीच वाटतात. पाव घेतला की काम घेतलं. सोळा जुलैच्या उत्सवाला मातेचा नवा झगा तुम्ही शिवणार आहात.”

गौरवने तोवर उरलेला पाव चहात बुडवला होता. “म्हणजे मीही अडकलो?”

“तुला सुईत दोरा ओवता येतो का? नाही ना? मग खा गुपचूप,” बाई म्हणाल्या.

प्रश्न साधा नव्हता. बाईंचे परतीचे तिकीट दोन जुलैचे होते. शिवाय युसेबियाची अडीच फुटी मूर्ती आजवर घरातच पुजली जाई. यंदा प्रथमच फादर ब्रेंडन यांनी ती चर्चच्या आवारातून मिरवण्यास परवानगी दिली होती. जुना झगा केरीच्या दमट हवेने बुरशी लागून गेलेला. नवा झाला नाही, तर मूर्ती बाहेर निघणार नव्हती.

“गैरसमज झाला म्हणून सांगतो तिला,” गौरव म्हणाला.

“देवाच्या नावाचं खाऊन हात झटकायचे? व्हिसा अठरा जुलैपर्यंत आहे ना? तिकीट सतराचं कर.”

बाईंनी घरच्या गौरींच्या सवयीने कमरेत बसणारा, बारीक चुण्यांचा झगा बेतला. युसेबिया पाहून खो-खो हसली. बाईंना ती लाडाने मामिता, म्हणजे आई, म्हणे. “मामिता, हिला कंबर नसते. ही डोंगर आहे!”

मग तिने सांगितले : पाद्री मेरीमातेला घेऊन त्या डोंगरांत आले, तेव्हा लोकांनी तिच्यात आपली धरणीमाता ओळखली. म्हणून झगा खांद्यापासून पायांपर्यंत उतारासारखा पसरला पाहिजे. बाईंनी मुकाट्याने सगळे उसवले. आता कापड पुरेना. त्यांनी आपली जांभळी नारायणपेठी काढून कात्री लावली.

“आई, ती बाबांनी घेतलेली!” गौरव कळवळला.

“म्हणून तर काठ टिकलेत. टेप धर.”

शेवटची दुमड पंधरा जुलैला दुपारी पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारच्या प्रार्थनेनंतर, आवारात एक बासरी, एक ढोल, दहा-बारा पेरू-बोलिव्हियाची माणसे, केरळी परिचारिका आणि चार मराठी कुटुंबे जमली. युसेबियाने पेल्यातले पहिले पेय धरणीमातेसाठी गवतावर ओतले. फादर तेवढा वेळ आकाशाकडे पाहत राहिले.

“पाऊस येतोय का बघत होतो,” ते नंतर म्हणाले.

मूर्ती उचलली आणि वारा झग्यात शिरला. जरीचे काठ दोन्ही बाजूंना फुलले. जांभळा डोंगर हलू लागला. झग्याचा घेर धरण्याचा मान बाईंचा. केरीचे एक आजोबा अकॉर्डियन घेऊन मिरवणुकीत घुसले, “ग्रँड! ग्रँड!” म्हणत, आणि ठरलेल्या एका फेरीच्या तीन झाल्या. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कोणी ऐकली नाही.

पुढली दोन्ही वर्षे बाई उन्हाळ्यात ट्रलीला गेल्या आणि पाव रीतसर, समजून-उमजून घेतला. नोव्हेंबर २०१९ मध्ये अल्पशा आजाराने त्या गेल्या. तिन्ही झगे युसेबियाकडे आहेत. ट्रलीत घेतलेले शिलाई मशीनही तिलाच दिले. पुढच्या वर्षीचा निळा झगा बेतून, कच्चे टाके घालून ठेवलेला सापडला. अस्तर आणि काजे राहिली आहेत. ते काम शुभदाने पत्करले आहे. तिला काजे येत नाहीत, म्हणून हुक लावायचे ठरले. युसेबियाने थोडे कुरकुरत त्यास संमती दिली.