हैदराबादला जाण्याआधी तीन कादंबऱ्या

आत्याला हैदराबाद दाखवायचा विषय निघाला तेव्हा तिला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिनं तिथं एका भाड्याच्या खोलीत काढलेली. पुढचा सगळा संसार घनसावंगीला. आता ती आमच्याकडं जालन्यात असते. जायची इच्छा तिचीच, पण तिनं अट घातली.

"दिसणार तर न्हाई. मंग जाऊन काय पाहू? आधी वाचून दाखव. माझं शहर त्यात निघालं तर येते, न्हाई तर फुकटचा खर्चा नको."

वाचनालयातून मी तीन कादंबऱ्या आणल्या. जुन्या शहरांवरच्या कादंबऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मुखपृष्ठावर घुमट आणि घुमटामागं चंद्र दिसला की मी सावध होतो. पहिलीला तर दोन मान्यवरांच्या प्रस्तावना होत्या आणि दोघांपैकी कुणी कादंबरी वाचल्याचा पुरावा नव्हता.

तीत एक नवाब सज्जात उभा राहून उसासे टाकत होता. आत्यानं बराच वेळ सोसलं.

"ह्याला काही कामधंदा?"

"नवाब आहे गं तो."

"असू दे की. घरात भाजी कोण आणतं?"

भाजी कुणीच आणत नव्हतं. दुसरीत अत्तर होतं, तलवारी होत्या, पानोपानी बिर्याणी होती. खरकटं भांडं मात्र एकही नाही. "जल्दी मिटव ते," आत्या म्हणाली.

तिसरीचं मुखपृष्ठच फाटलेलं होतं, त्यामुळं तिच्याबद्दल मत करून घ्यायला मला काही आधार नव्हता. तीत एका गल्लीत नळावर बायकांचं भांडण लागलं होतं. सुरुवात मराठीत, रंग चढल्यावर उर्दूत. आत्या उठून बसली.

"थांब. हे लिहिलंय त्यात?"

"लिहिलंय."

"तू तर न्हाई ना घुसडून राह्यला? मला न्यायचं म्हणून?"

"आत्या, मला असलं भांडण सुचेल का?"

"तुम्ही शिकलेले. म्हाताऱ्या माणसाला खूश करायला काहीही वाचाल. पुन्हा वाच, पहिल्यापासून."

मी पुन्हा वाचलं. ती कान देऊन शब्द पडताळत होती. माझी जीभ उगाच अडखळू लागली. पण शब्द तेच आले.

"बराबर," ती म्हणाली. मग चाचपडत तिनं माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

"काढ तिकीट. मला खिडकीजवळची जागा पाहिजे."