मी बोटीवरून आणला नव्हता

बायको गेली तेव्हा स्मशानात मी एवढंच बोललो, मीच मारली तिला. कोणी नाही म्हणालं नाही.

मी मालबोटीवर खलाशी होतो. एका परक्या बंदरात साखळी तुटून मांडी फाटली, तिथल्या दवाखान्यात रक्त चढवलं. पुढे घरी आल्यावर दोघांनाही एचआयव्ही निघाला. बाहेरच्या बाईच्या नादाला मी कधी लागलो नाही, म्हणून धरून चाललो की ते बाटलीतलं रक्तच. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं. गुरव म्हणाला, "बा देवा महाराजा, याच्या हातून नकळत घरात दुखणं आलं, ते पोटात घाल!" जमलेले म्हणाले, "होय महाराजा!" बायको शेजारी हात जोडून उभी. तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

औंदा गोळ्या लागू पडेनात. डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. मग म्हणाल्या, "काका, तुमचा विषाणू सी जातीचा आहे. आपल्या देशात बहुतेक तोच."

"ह्याच्यातपण जाती?"

"भातात नसतात का? आपल्याकडे दुसऱ्याही सापडतात थोड्या, मिसळलेल्याही. पण तुमच्या त्या बंदराकडे बहुतेक बी जातीचा."

"म्हणजे माझा इथलाच?"

"तसं दिसतंय. पण कुणी कुणाला दिला, ते यावरून नाही कळत."

मला कळलं. उठलो तो थेट मांडवीला, मेहुणीकडे. ती विळीवर बांगडे कापत होती. ऐकून हात थांबला तिचा.

"भावोजी, तुम्ही बोटीवर होतात तेव्हाच तिची तपासणी झालेली. तिला ठाऊक होतं."

"कोण होता?"

"ते ती बोलली नाही. आता गेलेल्या माणसाचं काय उकरताय? तुम्ही चांगलं केलंत ना तिचं?"

केलं. आंघोळ घातली, पाय चेपले, रोज माफी मागितली. ती म्हणायची, "जाऊ दे, मी मनात नाही ठेवलं." मला माफ करत होती ती! आणि मी तेवढ्यावर रडायचो.

परवा देवळात गेलो. गुरवाला म्हटलं, गाऱ्हाणं घाल, ते दुखणं याने आणलं नव्हतं म्हणून.

"आणि होय म्हणायला कोण?" त्याने विचारलं. आम्ही दोघेच होतो.

"तू घाल."

त्याने घातलं. मीच म्हटलं, होय महाराजा. तिच्याएवढा आवाज लागला नाही.